त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा

गोमंतकात एक काळ असा होता की, लग्नपत्रिका छापावयाची झाली तरी तिचा मजकूर आधी सरकारी तपासनिसाच्या नजरेखालून जावा लागे. ग्रंथ आणि नियतकालिके यांवर जगणाऱ्या संस्थांना त्या काळाची कल्पना वेगळी द्यावयास नको. अशा प्रदेशात भाषणस्वातंत्र्य व सभास्वातंत्र्य हे माणसाचे मूलभूत हक्क आहेत, असे उघडपणे सांगण्याचे धैर्य ज्यांनी दाखविले, त्यांत त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

कुन्हा यांचा जन्म २ एप्रिल १८९१ रोजी सासष्टीतील चांदर गावी, एका सुखवस्तू ख्रिस्ती कुटुंबात झाला. पाँडिचेरीला शिक्षण घेऊन ते पॅरिसला गेले व विद्युत-अभियंता झाले. फ्रेंच वाचकांना भारतीय स्वातंत्र्यलढ्याचा परिचय करून देणारे लेखन त्यांनी तेथूनच केले. १९२६ साली ते स्वदेशी परतले. त्याच वर्षी पोर्तुगालमध्ये लष्कराने सत्ता बळकावली. पुढे सालाझार यांची हुकूमशाही आली आणि १९३० च्या वसाहत कायद्याने गोमंतकीयांचे स्थान अधिकच हीन ठरविले.

१९२८ मध्ये कुन्हा यांनी मडगाव येथे गोवा काँग्रेस समितीची स्थापना केली. तिला राष्ट्रीय सभेची मान्यता मिळाली. परंतु गोवा परकीय सत्तेखाली असल्याच्या कारणास्तव १९३४ मध्ये ती काढून घेण्यात आली. स्वकीयांनीच असा हात आखडता घेतल्यावर एखादा खचून गेला असता. कुन्हा मात्र लिहीत राहिले. आसामच्या चहामळ्यांकडे नेल्या जाणाऱ्या गरीब कुणबी मजुरांच्या पिळवणुकीविरुद्ध त्यांनी आवाज उठविला, हे त्यांचे कार्य राजकारणाच्या गदारोळात काहीसे मागे पडले आहे. गोमंतकीयांच्या अराष्ट्रीयीकरणावरील त्यांची १९४४ ची पुस्तिका पुष्कळ गाजली. तिच्यातील काही विधाने एकांगी वाटतात; पण स्वतःच्याच समाजाची इतकी परखड झडती घेणारे लेखन विरळाच.

१८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावला बंदीहुकूम मोडला आणि गोमंतकात नागरी हक्कांची चळवळ पेटली. जुलै महिन्यात कुन्हा यांना अटक झाली. अग्वाद किल्ल्याच्या अंधाऱ्या, ओलसर कोठडीत त्यांना डांबण्यात आले आणि नंतर लष्करी न्यायासनापुढे उभे करण्यात आले. गोव्यात मुलकी नागरिकावर असा खटला प्रथमच चालत होता. ना शस्त्र, ना कट; अपराध म्हणावा तर तो लेखणीचा व वाणीचा. शिक्षा मात्र आठ वर्षांची! पंचावन्न वर्षांच्या ह्या गृहस्थाला समुद्रापार पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात नेऊन ठेवण्यात आले. पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे प्रभृतींच्याही वाट्याला हीच हद्दपारी आली. आपली भूमी, आपली माणसे, आपली भाषा ह्यांपासून हजारो मैल दूर नेले की माणूस आपोआप मूक होईल, असा सत्ताधाऱ्यांचा हिशेब असावा.

तो हिशेब चुकला. १९५० मध्ये कुन्हा तुरुंगाबाहेर आले, तरी गोव्याचे दार त्यांना बंदच होते आणि लिस्बनमध्ये पोलिसांची पाळत होती. १९५३ मध्ये त्या पाळतीतून निसटून ते पॅरिसमार्गे मुंबईला पोहोचले. वय साठीपलीकडे गेलेले, प्रकृती ढासळलेली. तथापि विश्रांती त्यांना ठाऊकच नव्हती. मुंबईत त्यांनी गोवा कृती समिती उभारली आणि ‘फ्री गोवा’ हे इंग्रजी पत्र चालविले. तुरुंगात खितपत पडलेल्या सत्याग्रहींची दाद त्या पत्रातून जगापुढे मांडली जात असे.

२६ सप्टेंबर १९५८ रोजी मुंबईतच त्यांचे देहावसान झाले. गोवा मुक्त होण्यास अद्याप तीन वर्षे अवकाश होता. शिवडीच्या दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. त्यांच्या अस्थी पणजीच्या आझाद मैदानावरील स्मारकात आणल्या गेल्या त्या १९८६ साली.