डॉ. वू लिएन-तेह : रोगाची वाट ओळखणारा डॉक्टर



साथीच्या रोगांचा पाठ शिकवताना मुलं हमखास विचारतात, की एवढ्याशा कापडी मास्कने एवढा मोठा रोग कसा काय थांबणार? नुसती व्याख्या सांगून हे पटत नाही. त्यापेक्षा त्यांना डॉ. वू लिएन-तेह यांची गोष्ट सांगा.

वू यांचा जन्म १० मार्च १८७९ रोजी पेनांग येथे झाला. हे बेट आज मलेशियात आहे. वडील चीनमधून आलेले सोनार. मुलगा हुशार निघाला, शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडला गेला आणि केंब्रिज विद्यापीठात वैद्यकशास्त्र शिकला. १९०८ च्या सुमारास ते चीनमधील तिआनजिन येथे लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवू लागले. म्हणजे बघा, तेही आपल्यासारखे शिक्षकच!

१९१० च्या हिवाळ्यात उत्तर चीनमधील मांचुरियात एक भयानक साथ पसरली. ताप, खोकला, थुंकीतून रक्त आणि दोन-तीन दिवसांत मृत्यू. सरकारने ३१ वर्षांच्या वू यांना हार्बिन शहरात पाठवलं. डिसेंबरच्या अखेरीस ते पोहोचले तेव्हा तिथे हाडं गोठवणारी थंडी होती.

वू यांनी एका मृत स्त्रीचं शवविच्छेदन केलं. त्या काळी चीनमध्ये शवविच्छेदन समाजाला मान्य नव्हतं, म्हणून ते गुपचूप करावं लागलं. सूक्ष्मदर्शकाखाली प्लेगचे जिवाणू दिसले. आता प्लेग म्हटलं की त्या काळच्या डॉक्टरांना आधी उंदीरच आठवायचा. हाँगकाँग आणि आपल्या मुंबईतल्या साथींचा अनुभव तसाच होता : उंदरांवरच्या पिसवा चावल्या की रोग होतो. वू यांचं निरीक्षण मात्र वेगळं होतं. हा फुप्फुसांचा प्लेग होता. तो खोकल्यातून, श्वासातून थेट माणसाकडून माणसाकडे जात होता. मग उंदीर मारून उपयोग काय?

रोगाची वाट कळली, आता ती अडवायची होती. वू यांनी गॉझच्या थरांमध्ये कापूस घातलेला, डोक्यामागे बांधायचा साधा, स्वस्त मास्क तयार करून घेतला. अनेकांना ते पटेना. मेनी नावाचे अनुभवी फ्रेंच डॉक्टर तिथे आले होते. त्यांनी या तरुण डॉक्टरचं म्हणणं धुडकावलं आणि मास्क न लावताच रुग्ण तपासले. काही दिवसांतच, जानेवारी १९११ मध्ये, प्लेगनेच त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर मात्र लोकांनी मास्कचं महत्त्व ओळखलं.

पण एकटा मास्क पुरेसा नव्हता. वू यांनी बाधित वस्तीचे चार विभाग केले. प्रत्येक विभागातल्या लोकांना वेगळ्या रंगाची पट्टी दिली आणि परवानगीशिवाय दुसऱ्या विभागात जायला बंदी केली. घरोघरी तपासणी सुरू झाली. रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांना रेल्वेच्या मालडब्यांत वेगळं ठेवलं. चिनी नववर्षाला हजारो मजूर गावी निघायचे, त्यांच्याबरोबर रोगही निघाला असता. म्हणून रेल्वेप्रवासावर निर्बंध आले. आपल्याकडे ऐन दिवाळीत एसटी बंद झाली तर कसं वाटेल? तसंच ते होतं.

सगळ्यात अवघड प्रश्न पुढेच होता. जमीन गोठल्यामुळे दफन होईना आणि दोन हजारांहून अधिक मृतदेह उघड्यावर पडून होते. पूर्वजांना मानणाऱ्या त्या समाजात दहन म्हणजे मोठा अपमान. वू यांनी मनमानी केली नाही. बादशाही दरबाराकडून रीतसर परवानगी मागितली आणि ती आल्यावरच, जानेवारीच्या अखेरीस, दहन केलं. १ मार्च १९११ च्या सुमारास हार्बिनमधली साथ संपली. तोवर मांचुरियात सुमारे ६०,००० लोक दगावले होते. यावर प्रभावी औषध तेव्हा नव्हतं, हे मुलांना आवर्जून सांगा. साथ थांबली ती संसर्गाची साखळी तुटल्यामुळे.

पुढे एप्रिल १९११ मध्ये मुकदेन येथे आंतरराष्ट्रीय प्लेग परिषद झाली. तिचे अध्यक्ष वू होते. १९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केल्यावर ते मलायात परतले आणि इपोह गावात साधा दवाखाना चालवू लागले. २१ जानेवारी १९६० रोजी पेनांग येथे त्यांचं निधन झालं.

वर्गात सांगताना एक फरक जरूर स्पष्ट करा. प्लेग जिवाणूमुळे होतो, तर कोरोना विषाणूमुळे. पण दोन्ही श्वासावाटे पसरू शकतात, म्हणून मास्क आणि अंतर दोन्हीकडे कामी येतं. डेंग्यूही विषाणूचाच, पण तो डासांमार्फत पसरतो. तिथे मास्क काय करणार? तिथे साचलेलं पाणीच काढायला हवं.

तेव्हा मुलांना नुसते नियम पाठ करायला लावू नका. प्रत्येक रोगाबद्दल आधी विचारा : हा कुठल्या वाटेने येतो? वाट सापडली की उपाय मुलं स्वतःच सांगतील.