विश्लेषण : वासुदेव बळवंत फडके यांचा देह एडनहून परतला नाही, मग शिरढोणच्या स्मारकात काय पाहायचे?

जतन केलेले मानवी देह प्रदर्शनात मांडून तिकीट लावावे का, हा वाद १९९५च्या टोकियोतील प्रदर्शनापासून जगभर सुरू आहे. जर्मन शरीररचनातज्ज्ञ गुंथर फॉन हागेन्स यांचा दावा असा, की आपल्याकडील देह दात्यांच्या संमतीने आलेले आहेत. इतर काही प्रदर्शनांतील देह बेवारस किंवा कैद्यांचे असल्याचे आरोप झाले. वादाचा गाभा हाच, की ज्याला नाही म्हणता येत नव्हते त्याचा देह मांडावा का? आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे आयुष्य या प्रश्नाला वेगळ्या वाटेने भिडते. त्यांचा देह सत्तेच्या ताब्यात गेला, तो घरी आलाच नाही.

शिरढोण ते धामारी

फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी पनवेल तालुक्यातील शिरढोण येथे झाला. पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात ते कारकून होते. आई अत्यवस्थ असताना रजा मिळाली नाही. ते पोहोचले तेव्हा ती गेलेली होती. हा सल त्यांच्या मनातून कधी गेला नाही. लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत त्यांनी शरीर कमावले. वामन प्रभाकर भावे व लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्यासह शाळाही काढली. पुढे १८७६-७७चा दुष्काळ पडला. गावोगावची उपासमार पाहून त्यांनी रामोशी तरुणांना जमवले आणि फेब्रुवारी १८७९ मध्ये शिरूरजवळच्या धामारीवर पहिला छापा घातला.

मे महिन्यात त्यांचे साथीदार दौलतराव नाईक यांनी कोकणात, शिरढोणपासून हाकेच्या अंतरावरील पळस्पे येथे मोठी लूट केली; परतीच्या वाटेवर मेजर डॅनियलच्या तुकडीशी झालेल्या चकमकीत ते मारले गेले. सरकारने फडके यांना पकडून देणाऱ्यास इनाम लावले. त्यावर फडके यांनी गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांच्या शिरासाठी उलट इनाम जाहीर केले. शत्रूचे शीर दाखवून विजय सिद्ध करण्याची भाषा त्या काळी दोन्ही बाजूंना कळत होती, हे विसरता येत नाही.

कवटीची गोष्ट

ही भाषा ब्रिटिशांनी प्रत्यक्षात कशी वापरली, याचे उदाहरण १८५७च्या उठावातील हवालदार आलम बेग. त्यांना १८५८ मध्ये सियालकोटला तोफेच्या तोंडी दिले गेले. त्यांची कवटी एका अधिकाऱ्याने मायदेशी नेली. १९६३ मध्ये ती केंट परगण्यातील एका दारूच्या गुत्त्यात सापडली, डोळ्याच्या खोबणीत चिठ्ठी खुपसलेली. चिठ्ठीत त्यांच्यावर खुनांचा आरोप होता. इतिहासकार किम वॅग्नर यांनी शोध घेतला, तेव्हा तो आरोप टिकला नाही. सांगाडा बोलत नाही, त्याच्यावर चिकटवलेली पाटीच बोलते.

एडनचा तुरुंग

फडके जुलै १८७९ मध्ये विजापूरकडील देवर नावडगी येथे तापाने फणफणलेल्या अवस्थेत पकडले गेले. पुण्यातील खटल्यात सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, त्यांच्या बाजूने उभे राहिले. शिक्षा जन्मठेप काळ्या पाण्याची, ठिकाण एडन. १८८०च्या ऑक्टोबरात कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उखडून ते पळाले, पण काही तासांतच पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी, वयाच्या ३७व्या वर्षी, ते तिथेच वारले. आयुष्य संपले, पण घरच्यांना अंत्यदर्शन मिळाले नाही.

परदेशात मरण आलेल्या श्यामजी कृष्ण वर्मा यांच्या अस्थी जिनिव्हाहून २००३ मध्ये भारतात आल्या. त्या त्यांच्याच इच्छेने जपलेल्या होत्या. फडके यांच्या बाबतीत अशी सोय कुणी केली नव्हती.

शिरढोणात त्यांचा वाडा आहे, स्मारक आहे. मुंबईत मेट्रो सिनेमाजवळच्या चौकाला त्यांचे नाव आहे. टपाल खात्याने १९८४ मध्ये तिकीट काढले. यातले काहीही पाहताना मृताच्या लज्जेला धक्का लागत नाही. मात्र त्यांची दैनंदिनी आणि आत्मचरित्र हे सरकारने जप्त करून खटल्यात पुरावा म्हणून वापरलेले लेखन आहे. इतिहासाला ते अमूल्य वाटते, पण लिहिणाऱ्याने ते सरकारच्या हाती आपण होऊन दिले नव्हते. देहाबाबतचा संमतीचा प्रश्न कागदालाही काही अंशी लागू होतोच.