अर्धा वाटा आणि दोन हजार रुपये

हिंदू विवाह कायदा १९५५ च्या मे महिन्यात अमलात आला आणि त्याच वर्षी २५ सप्टेंबर रोजी डॉ. रखमाबाई निवर्तल्या. घटस्फोटाचे दार देशभरच्या हिंदू स्त्रीसाठी ज्या वर्षी उघडले, त्या वर्षी हे दार नसताना वाट काढलेली ही स्त्री नव्वदी गाठून होती. काडीमोडानंतर मिळकतीचे काय, हा प्रश्न आजही कोर्टकचेऱ्यांतून रेंगाळत असताना तिच्या चरित्राची आठवण करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईतील सुतार समाजातला. वडील त्या अगदी लहान असतानाच वारले. आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला, आणि तो करण्यापूर्वी आपल्या वाट्याची मिळकत मुलीच्या नावे करून दिली. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजींशी लागले. जावयाने सासरच्या आश्रयाने राहून शिकावे, असा बेत होता, तो फसला. दादाजी मामाकडे राहू लागले. रखमाबाई मात्र आईच्या घरी राहून शिकल्या आणि मोठ्या झाल्यावर त्यांनी नांदायला जाण्याचे नाकारले.

दादाजींनी १८८४ साली दावा लावला. १८८५ साली न्या. पिन्ही यांनी तो फेटाळला, अपिलात तो पुन्हा उभा राहिला, आणि मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी रखमाबाईंना नांदायला जा अथवा सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल दिला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. सनातनी पक्ष खवळला. लोकमान्य टिळकांची पत्रे रखमाबाईंच्या विरुद्ध होती, तर मलबारींसारखे सुधारक त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

या गदारोळात एक गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. दोन्ही पक्ष एकमेकांवर जो आरोप करीत होते, तो मिळकतीचाच होता. मुलीच्या नावची मालमत्ता हातची जाईल म्हणून माहेरचे तिला पाठवीत नाहीत, असे दादाजींचे म्हणणे. मालमत्तेवर डोळा ठेवूनच दावा लावला, असे रखमाबाईंचे. धर्माच्या नावाने चाललेल्या भांडणाच्या बुडाशी घरदार आणि पैसा होता. अखेर १८८८ साली तडजोड झाली. दादाजींना दोन हजार रुपये मिळाले व निकालाची अंमलबजावणी त्यांनी सोडून दिली. कोर्टाने विवाह मोडला नव्हता. दादाजींना दुसरी पत्नी करता आली व त्यांनी ती केली. रखमाबाईंना तो मार्ग नव्हता. त्या १८८९ साली विलायतेस गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत व राजकोट येथे स्त्रियांच्या शुश्रूषेत त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ वेचला.

रखमाबाईंजवळ स्वतःची मिळकत, शिक्षण आणि पाठीराखे होते, म्हणून तडजोड साधली. ज्या स्त्रीजवळ यांतले काहीच नाही, तिचे काय? भोपाळच्या शिवाजीनगरात पंचवीस वर्षे संसार केलेल्या एखाद्या मराठी गृहिणीचा विचार करा. घर पतीच्या नावावर आहे. काडीमोड झाल्यास विवाह कायद्याचे २५ वे कलम तिला पोटगी देऊ करील. २७ वे कलम लग्नाच्या सुमारास दोघांना मिळालेल्या सामायिक वस्तूंची व्यवस्था लावील. परंतु संसारात उभ्या राहिलेल्या घराचा अर्धा भाग तिचा, असे तो कायदा म्हणत नाही. तिला न्यायाधीशांच्या विवेकावर विसंबावे लागते.

गोमंतकातील स्थिती निराळी आहे. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता येथे १८७० पासून लागू आहे. विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर पतिपत्नीची मिळकत सामायिक ठरते आणि संसार मोडला तर ती निम्मी निम्मी होते. स्थावर विकायचे, तर पत्नीची संमती लागते. या न्यायाने दादाजींनाही रखमाबाईंच्या मिळकतीत वाटा पोहोचला असता, हे आम्ही नाकारीत नाही; विवाहपूर्व कराराची सोय आहे, ती त्यासाठीच. पण जिचे सारे धन तिचे श्रमच, त्या बहुसंख्य स्त्रियांना हा नियम तारक आहे.

मात्र नियम कागदावर असून भागत नाही. वडीलधाऱ्यांनी पुढे केलेल्या दस्तावर न वाचता सही करणारी सून आणि भावांसाठी हक्क सोडून देणारी बहीण आपल्याकडे आजही आढळते. वाटणीचे काम वर्षानुवर्षे चालले, तर अर्ध्या वाट्यापेक्षा वकिलाचा खर्चच जड होतो. तेव्हा मुलीचे लग्न ठरविताना दागिन्यांइतकीच चर्चा मिळकतीच्या व्यवस्थेचीही व्हावी, सहीपूर्वी दस्त वाचला जावा, आणि देशाच्या इतर भागांतही संसारात कमावलेल्या मिळकतीचा निश्चित वाटा पत्नीला कायद्याने मिळावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. रखमाबाईंच्या सुटकेसाठी दोन हजार रुपये मोजावे लागले. त्यांच्या नातींच्या वयाच्या स्त्रियांना आपल्याच संसारातला वाटा याचना करून मिळवावा लागू नये.