रीडिंग ॲडजस्ट न करणारा हर्ट्झ

फिजिक्स किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये तुम्ही सिग्नल जनरेटर वापरला असेल. नॉब फिरवायचा, डिस्प्लेवरचा आकडा बघायचा आणि जर्नलमध्ये उतरवायचा. आकड्यापुढे मेगाहर्ट्झ लिहिलंय म्हणजे ते बरोबरच असणार, असं आपण धरून चालतो. पण यंत्र जुनं होतं, तापतं, आतल्या क्रिस्टलची फ्रिक्वेन्सी हळूहळू सरकते आणि डिस्प्ले मात्र ठामपणे जुनाच आकडा दाखवत राहतो. म्हणून ठरावीक काळानं ते जास्त अचूक यंत्राशी ताडून पाहावं लागतं. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात.

आता गंमत बघा. ज्याच्या नावाचं एकक त्या डिस्प्लेवर असतं, त्या हाइनरिश हर्ट्झकडे ताडून बघायला असं यंत्रच नव्हतं. रेडिओ लहरी तयार करणारं यंत्र त्याचं आणि त्या पकडणारंही त्याचंच.

हर्ट्झचा जन्म 22 फेब्रुवारी 1857 चा, जर्मनीतल्या हॅम्बुर्गचा. वडील वकील. मुलगा शाळेत अरबी शिकला आणि त्याच वयात सुतारकाम आणि लेथवरचं कामही शिकला. पुढे इंजिनिअरिंगला गेला, पण मन रमेना. 1877 मध्ये म्युनिकला असताना त्यानं वडिलांना पत्र लिहून सायन्सकडे वळण्याची परवानगी मागितली. ती मिळाली. घरी असं पत्र लिहिताना काय होतं, हे तुमच्यापैकी काहींना वेगळं सांगायला नको!

बर्लिनला हेल्महोल्ट्झ हे त्याचे गुरू. मॅक्सवेलची थिअरी तेव्हा कागदावर होती. वीज आणि चुंबकत्वाच्या लहरी प्रकाशाच्या वेगानं जातात, असं ती सांगत होती, पण त्या कुणी दाखवल्या नव्हत्या. या थिअरीशी संबंधित एका प्रयोगासाठी 1879 मध्ये बर्लिनच्या अकादमीनं बक्षीस लावलं होतं. हा प्रश्न तू घे, असं हेल्महोल्ट्झ यांनी सुचवलं. हर्ट्झनं हिशेब केला आणि चक्क नाही म्हटलं. हाताशी असलेल्या साधनांनी तो परिणाम दिसणारच नाही, असं त्याला वाटलं. साधन कुठवर पोचतं हे आधी बघायचं, ही सवय त्याला तेव्हापासूनची.

1885 मध्ये तो कार्लसरुहेला प्रोफेसर झाला. पुढच्याच वर्षी वर्गात दाखवायच्या दोन कॉइल्सशी खेळताना त्याला एक गोष्ट दिसली. एका कॉइलमध्ये स्पार्क पडला की दुसरीतही पडतो. यातून त्याचा जनरेटर उभा राहिला. एक इंडक्शन कॉइल, तिला जोडलेल्या दोन तारा आणि मधल्या फटीत समोरासमोर धातूचे दोन गोळे. रिसीव्हर म्हणजे बारीक फट ठेवलेलं तारेचं कडं. त्या फटीतली ठिणगी इतकी छोटी की अंधारात बसून बघायची आणि मायक्रोमीटर स्क्रूनं मोजायची. स्पार्कनं गोळे काळे पडायचे आणि सिग्नल बिघडायचा, मग ते पुन्हापुन्हा घासून लख्ख करायचे. जगातल्या पहिल्या आरएफ जनरेटरची ही दुरुस्ती!

ठिणगी नीट दिसावी म्हणून त्यानं रिसीव्हरभोवती खोकं लावलं, तर ती उलट आखूड झाली. आपण खोकं काढून टाकलं असतं आणि पुढे गेलो असतो. हर्ट्झ मूळ काम बाजूला ठेवून कित्येक महिने याच्या मागे लागला. मोठ्या स्पार्कमधला अल्ट्राव्हायोलेट प्रकाश छोट्या ठिणगीला मदत करत होता आणि खोकं तो अडवत होतं. हा फोटोइलेक्ट्रिक इफेक्ट त्यानं 1887 मध्ये प्रसिद्ध केला. त्याचं स्पष्टीकरण आइन्स्टाइननं 1905 मध्ये दिलं.

1888 मध्ये त्यानं लेक्चर हॉलच्या भिंतीवर 4 मीटर उंच जस्ताचा पत्रा लावला. पत्र्यावर आपटून परतणाऱ्या लहरी आणि समोरून येणाऱ्या लहरी मिळून हवेत स्थिर लहरी तयार झाल्या. ठिणगी कुठे मोठी आणि कुठे बंद, हे मोजून त्यानं तरंगलांबी काढली. लहरी खऱ्या निघाल्या. पुढे 66 सेंटिमीटरच्या लहरींनी त्यानं परावर्तन दाखवलं आणि कडक डांबराच्या अवजड प्रिझमनं अपवर्तनही.

एक आकडा मात्र जुळत नव्हता. मॅक्सवेलच्या हिशेबानं तारेतला आणि हवेतला वेग सारखा हवा होता. हर्ट्झला तारेतला वेग बराच कमी मिळाला. तो स्वतः मॅक्सवेलच्या बाजूनं झुकलेला. थोडं रीडिंग ॲडजस्ट केलं असतं तर तपासणारा एक्स्टर्नल कोण होता? त्यानं आलं तेच छापलं. शिवाय फ्रिक्वेन्सीच्या गणितात वर्गमूळ 2 पटीची चूक असल्याचं फ्रान्सच्या प्वांकारेनं दाखवून दिलं. 1892 मध्ये हर्ट्झच्या पेपरांचं पुस्तक निघालं. त्यात त्यानं जुने पेपर गुपचूप सुधारले नाहीत. मूळ मजकूर तसाच ठेवला आणि चुका वेगळ्या मान्य केल्या. वेगाच्या गडबडीबद्दल त्याचा संशय हॉलवरच होता. भिंती जवळ, आत लोखंडी खांब, म्हणजे नको तिथून लहरी परतणार. 1893 मध्ये जिनिव्हात साराझिन आणि द ला रीव्ह यांनी खूप मोठ्या हॉलमध्ये हाच प्रयोग केला आणि दोन्ही वेग सारखे आले.

तोवर हर्ट्झ बॉनला प्रोफेसर होता आणि आजारी होता. ऑपरेशनं झाली, उपयोग झाला नाही. 1 जानेवारी 1894 ला तो गेला तेव्हा 36 वर्षांचा होता. मागे पत्नी एलिझाबेथ आणि दोन लहान मुली. वडिलांचं घराणं मूळचं ज्यू, म्हणून नाझींच्या काळात या तिघींना देश सोडून इंग्लंड गाठावं लागलं. पुढे 1960 मध्ये जगानं फ्रिक्वेन्सीचं अधिकृत एकक म्हणून हर्ट्झचं नाव स्वीकारलं.

सबमिशनच्या आदल्या रात्री तुमचा ग्राफ सरळ येत नसेल आणि मित्राच्या जर्नलमधला आकडा खुणावत असेल, तेव्हा आधी खोलीत लोखंडी खांब आहे का ते बघा. आलेलं रीडिंग लिहा, शेजारी शंका लिहा. व्हायवाला एखादा मार्क जाईलही. पण काय चुकतंय हे शोधायला तुमच्याकडे खरा आकडा तरी उरेल.