उजव्या हाताची सही, डाव्या हाताची सही

सबमिशनच्या आदल्या दिवशी जर्नल घेऊन सरांच्या मागे धावणारे आपण! आपल्याला सही म्हणजे एक कटकट. पण जुन्या नौदल अधिकाऱ्यांच्या सहीचे कागद जमवणारी माणसं जगात आहेत, आणि त्यांच्यात होरेशिओ नेल्सनच्या कागदाला फार मान. गंमत म्हणजे तारीख झाकली तरी सहीवरून त्याचा काळ सांगता येतो.

नेल्सन जन्मला १७५८ साली, इंग्लंडमधल्या एका धर्मगुरूच्या घरी. आई लवकर गेली. मामा नौदलात कॅप्टन, म्हणून बाराव्या वर्षी स्वारी जहाजावर! पुढे आपल्याकडच्या समुद्रात मलेरियाने इतका खंगला की १७७६ मध्ये त्याला मुंबईहून घरी पाठवावं लागलं. १७९४ मध्ये उजव्या डोळ्याची दृष्टी गेली, १७९७ मध्ये टेनेरिफच्या हल्ल्यात उजवा हात. दोन-तीन दिवसांतच पठ्ठ्या डाव्या हाताने वरिष्ठांना पत्र लिहीत होता. आधीचं अक्षर तिरकं, धावतं. नंतरचं उभं आणि मोठं. सहीही बदलत गेली. १७९८ च्या नाईलच्या विजयानंतर लॉर्ड झाला, तेव्हा नुसतं ‘नेल्सन’. नेपल्सच्या राजाने ब्राँटेचा ड्यूक केल्यावर काही काळाने ‘नेल्सन अँड ब्राँटे’.

१८०१ मध्ये कोपनहेगनला ऐन गोळीबारात त्याने डेन्मार्कच्या युवराजाला तहाचं पत्र लिहिलं. साध्या चिकटपट्टीने ते बंद करायला तयार नाही. मेणबत्ती आणवून लाखेचा ठसशीत शिक्का मारला. घाईत लिहिलंय असं शत्रूला वाटायला नको ना! लढाई थांबली.

२१ ऑक्टोबर १८०५ ला, ट्राफल्गारची लढाई सुरू होण्याआधी त्याने वहीत मृत्युपत्राची पुरवणी लिहिली : एमा हॅमिल्टन आणि मुलगी होरेशिया यांना देशाने सांभाळावं. खाली त्याची सही, साक्षीला ब्लॅकवुड आणि हार्डी या दोन कॅप्टनांच्या सह्या. दुपारी गोळी लागली, काही तासांत तो गेला.

पण एमा काही त्याची लग्नाची बायको नव्हती. सरकारने भावाला अर्ल केलं, वर्षाला ५,००० पौंडांचं पेन्शन लावून दिलं. एमासाठीची विनंती तशीच पडून राहिली. कर्जापायी ती तुरुंगात गेली आणि १८१५ मध्ये फ्रान्समध्ये कॅले इथे हलाखीत वारली. तीन सह्यांची ती वही आज ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे.