टिळकांचे चरित्रकार लोकनायक बापूजी अणे

अब्राहम लिंकनचे चरित्र शाळेत वाचले नाही असा विद्यार्थी आपल्याकडे विरळाच. लाकडी ओंडक्यांच्या झोपडीत जन्मलेला मुलगा अमेरिकेचा अध्यक्ष झाला, ही कथा आपल्या खेड्यापाड्यांतही पोचली आहे. परंतु या थोर पुरुषाचे चरित्र कोणी व कसे लिहावे यावरून त्याच्याच देशात मोठे वादळ उठले होते, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. लिंकनचा वध 1865 साली झाला. त्याचे दोन चिटणीस, निकोले आणि हे, यांनी कुटुंबाकडील कागदपत्रांच्या आधारे दहा खंडांचे चरित्र 1890 मध्ये पुरे केले. त्याच्या आदल्याच वर्षी लिंकनचा वकिलीतील भागीदार हर्नडन याचे पुस्तक निघाले. त्याने लिंकनचे दारिद्र्य, खिन्नता, संसारातील कुरबुरी सारे लिहून टाकले. वाचक खवळले! देवाला चिखलात ओढले म्हणून हर्नडनला शिव्याशाप मिळाले. त्याच्या काही गोष्टी पुढे अभ्यासकांना संशयास्पद वाटल्या हे खरे. तरीपण लिंकनला ओळखणाऱ्या माणसांकडून त्याने जी माहिती गोळा केली, तिच्यावाचून आजही कोणाचे पान हलत नाही.

चरित्र पूजेसाठी लिहावे की ओळखीसाठी, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यापासूनही दूर नाही. लोकमान्य टिळकांचे एक प्रचंड चरित्र आपल्याच जिल्ह्यातील पुरुषाने लिहिले आहे. त्याचे नाव माधव श्रीहरी अणे, म्हणजेच लोकनायक बापूजी अणे.

बापूजींचा जन्म 29 ऑगस्ट 1880 रोजी वणी येथे झाला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिक्षण, अमरावतीस काही वर्षे शिक्षकी, मग कायद्याची पदवी आणि 1908 पासून यवतमाळला वकिली. त्याच वर्षी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेस नेण्यात आले. तरुण वकिलाच्या मनावर त्या घटनेचा जो ठसा उमटला तो जन्मभर पुसला नाही. होमरूलच्या चळवळीत ते शिरले, वऱ्हाड प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष झाले.

टिळक 1920 मध्ये गेले आणि बापूजींच्या आयुष्यातील खरी कसोटी सुरू झाली. गांधीजींविषयी आदर पुष्कळ, पण त्यांचा कायदेमंडळावरील बहिष्कार बापूजींना पटेना. ते प्रतियोगी सहकारितेच्या पक्षात राहिले, 1928 च्या नेहरू समितीवर बसले. मात्र 1930 साली लढा पेटला तेव्हा हाच मनुष्य मतभेद बाजूला ठेवून पुढे आला. वऱ्हाडात समुद्र नाही, मग मीठ कोठून करणार? तेव्हा राखीव जंगलातील गवत कापून जंगलचा कायदा मोडायचे ठरले. 10 जुलै 1930 रोजी पुसद येथे बापूजींनी विळा चालवला आणि तुरुंगाची वाट धरली. पुढे 1933 मध्ये ते काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष होते. लगेच 1934 साली जातीय निवाड्याच्या प्रश्नावर मदनमोहन मालवीयांबरोबर त्यांनी वेगळा पक्षही काढला. असा हा सरळ पण कोणाच्या दावणीला न बांधला जाणारा स्वभाव.

आता जो भाग आला तो गौरवलेखांतून बहुधा दोन ओळींत आटोपला जातो. 1941 साली बापूजी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद झाले. ऑगस्ट 1942 मध्ये गांधीजींना अटक झाली, तरी ते त्या जागी राहिले. वणीकडून वर्धा नदी ओलांडली की चांदा जिल्हा लागतो. त्यातील चिमूरला त्या ऑगस्टमध्ये लोक उठले, सरकारी माणसे मारली गेली, आणि मग आलेल्या फौजेने व पोलिसांनी गावातील स्त्रियांवर अनन्वित अत्याचार केले. सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी चौकशीची मागणी घेऊन थेट दिल्लीला बापूजींच्या बंगल्यावर गेले आणि तेथेच उपोषणास बसले. शेजारच्याच जिल्ह्यातला माणूस सरकारात आहे, तो तरी ऐकेल, ही आशा! चौकशी झाली नाही. भन्साळींना पकडून परत पाठवण्यात आले आणि त्यांचे उपोषण एकूण 63 दिवस चालले. फेब्रुवारी 1943 मध्ये गांधीजींनी उपवास आरंभला तेव्हा मात्र बापूजींनी मोदी व सरकार या दोघा सहकाऱ्यांसह राजीनामा दिला.

प्रस्तुत लेखकाच्या मते बापूजींचे सारे चरित्र या सहा महिन्यांत तोलले जाते. आत राहून काही करता येईल असे त्यांना वाटले असावे. टिळकांच्या राजकारणातही मिळेल ते घेऊन पुढचे मागण्याची रीत होतीच. पण चिमूरच्या बायांना त्या रीतीने काय मिळाले, हे विचारल्यावाचून राहवत नाही. हा प्रश्न विचारल्याने बापूजी लहान होत नाहीत, जवळचे मात्र वाटू लागतात.

त्यानंतर सिलोनमध्ये हिंदुस्थानचे प्रतिनिधी, 1948 ते 1952 बिहारचे राज्यपाल, आणि ऐंशी ओलांडल्यावर 1962 मध्ये नागपूरमधून लोकसभा, तीही वेगळ्या विदर्भाचा कैवार घेऊन. या उतारवयातच त्यांनी संस्कृतात टिळकांचे चरित्र रचले. ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ हे त्याचे नाव. तीन खंड आणि सुमारे 12,000 श्लोक! न. चिं. केळकरांनी टिळकांचे त्रिखंडात्मक चरित्र मराठीत लिहिले होते, ते वाचकांच्या हाती होतेच. बापूजींनी देववाणी निवडली. व्यासंगाला वंदन केले पाहिजे, पण सामान्य वाचकासाठी दार तेथेच बंद झाले, हेही सांगितले पाहिजे. आमच्या वर्गातील संस्कृतचे विद्यार्थीदेखील नाव ऐकून आहेत, खंड उघडलेला एखादाच. शिवाय नावातच यशाचा सागर आहे. टिळकांना जवळून पाहिलेल्या, पुढे सत्तेच्या खुर्चीत स्वतः पेच भोगलेल्या या माणसाने साध्या मराठी गद्यात दोनशे पाने लिहिली असती, तर आम्ही ती झोप मोडून वाचली असती.

26 जानेवारी 1968 रोजी बापूजींचे निधन झाले. त्याच वर्षीचा पद्मविभूषण त्यांना आहे. महाकाव्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार 1973 साली, म्हणजे मरणोत्तर मिळाला. वणीच्या महाविद्यालयाला नाव लोकमान्य टिळकांचे आहे, बापूजींचे नाव यवतमाळच्या महिला महाविद्यालयाला आहे. तेथील एखाद्या विद्यार्थिनीने चिमूरचे प्रकरण घेऊन त्यांचे चरित्र लिहावयास घ्यावे, असे फार वाटते.