संत जोसेफ वाझ आणि प्रभूची वेदी

आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त वेदीवरील क्रूस, मेणबत्त्या, धूपदान व चषक उजळून मांडलेलीं पाहतांना, हेंच पवित्र साहित्य ज्यांस एकेकाळीं लपवून वापरावें लागलें त्या गोमंतकीय धर्मगुरूंचें चरित्र आम्हांस आठवतें.

संत जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजीं गोव्यांतील बाणावली गांवीं झाला. १६७६ सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. त्या वेळीं सिंहलद्वीपांतील आपल्या मुलुखांत डच सत्तेनें कॅथलिक उपासनेस बंदी करून धर्मगुरूंस हांकलून दिलें होतें. भाविक कित्येक वर्षें मिस्सेवांचून राहिले होते. ही वार्ता ऐकून १६८७ सालीं फादर वाझ मजुराच्या वेषांत तेथें उतरले. जाफन्यांत ते गळ्यांत जपमाळ घालून दारोदार भिक्षा मागत. ती माळ पाहून ज्याच्या मुद्रेवर ओळख उमटे, तो आपला ख्रिस्ती बंधु, हें ते जाणत. मग रात्रीं एखाद्या घरीं दार लावून वेदी मांडली जाई.

१६९२ सालीं ते कँडीच्या राज्यांत गेले. तेथें पोर्तुगीजांचे हेर समजून त्यांस कैदेंत टाकण्यांत आलें. बंदिवासांतच त्यांनीं सिंहली भाषा शिकून झोपडीवजा देऊळ उभारिलें. १६९६ सालीं अवर्षण पडलें. तेव्हां राजा दुसरा विमलधर्मसूर्य याच्या विनंतीवरून फादरांनीं चौकांत वेदी मांडिली, क्रूस उभा केला व प्रार्थना आरंभिली. विपुल पाऊस पडला, वेदी मात्र कोरडी राहिली, असें परंपरा सांगते. राजानें त्यांस धर्मप्रसाराची मोकळीक दिली. रोवणी खोळंबली असतां धानाच्या बांधींत उभें राहून आभाळाकडे पाहणाऱ्या आपल्या गोंदिया जिल्ह्यांतील शेतकऱ्यांस त्या प्रार्थनेचा अर्थ निराळा सांगावयास नको.

१६९७ सालीं देवीची सांथ आली. तेव्हां आप्तांनीं टाकून दिलेल्या रोग्यांची त्यांनीं स्वहस्तें शुश्रूषा केली. ज्या हातांनीं चषक उंचावला, तेच हात त्यांनीं रोग्यांच्या सेवेस लाविले. १६ जानेवारी १७११ रोजीं कँडी येथें त्यांचें देहावसान झालें. १४ जानेवारी २०१५ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं कोलंबो येथें त्यांस संतपद दिलें.

वेदीचें साहित्य सुंदर असावें हें योग्यच. परंतु त्याचें तेज धातूंत नसून त्याभोंवतीं जमणाऱ्या भाविकांत असतें. जाफन्याचे ख्रिस्ती जीव मुठींत धरून रात्रीं वेदीपाशीं येत. आपणांपुढें तर दार सताड उघडें आहे. ज्युबिलीचा समारंभ आटोपल्यावर हा चषक रिकाम्या बांकांसमोर झळकत राहिला, तर त्या संतास आम्हीं काय उत्तर द्यावें?